शब्दचर्चा: 'लाइट गेलं' म्हणजे नेमकं काय गेलं?

पाटी_वाचक
रेल्वेच्या नादिष्ट मंडळींच्या गप्पांमधलं एक वाक्य जसंच्या तसं देतो: "डाउन मेल ऑफलिंक होती, मागे तीन बँकर, त्याआधी एक लाइट गेलं." वाक्य मराठीच आहे, पण माझ्या हाती फक्त क्रियापदं लागली. मला पडलेले प्रश्न असे: 'ऑफलिंक' म्हणजे काय? घाटात बँकर कशाला? आणि 'लाइट गेलं' ही व्याकरणाची चूक की वेगळाच अर्थ? आमच्याकडे वीज गेली की 'लाइट गेली' म्हणतात. नेमके मराठी प्रतिशब्द असतील तर तेही सांगा.

कर्जत_टोक
चूक नाही, तो नपुंसकलिंगी प्रयोगच खरा आहे. 'लाइट' हे 'लाइट इंजिन'चं लघुरूप. डबे किंवा वाघिणी न जोडता एकटं धावणारं इंजिन म्हणजे लाइट इंजिन. 'लाइट' इथे दिव्यातला नव्हे, 'भाराशिवाय' या अर्थाचा. इंजिन नपुंसकलिंगी, म्हणून 'लाइट गेलं'.

गंमत अशी की डब्ल्यूएपी-७ या इंजिनाचं वजन १२३ टन आहे. तेही एकटं निघालं की 'लाइट'च. नवखा माणूस "कुठल्या स्टेशनची लाइट गेली?" असं विचारतो आणि जुनी मंडळी त्याला दोन-तीन वाक्यं तसंच खेळवतात.

कानामात्रा
ही विनोदाची सोय मराठीत आहे, हिंदीत नाही बरं का. तिथे नपुंसकलिंगच नाही. आपल्याकडे 'गेली' म्हटलं तर वीज, 'गेलं' म्हटलं तर इंजिन. सगळा अर्थ प्रत्ययावर तोललेला.

इगतपुरी_चहा
इतकं सोपं नाही. घाटात अशी दोन-तीन इंजिनं एकमेकांना जोडून धावतात. मग अनेकवचनात "तीन लाइट गेली". म्हणजे आलीच की 'गेली'. आकडा ऐकू आला नाही तर वीज गेली की इंजिनं, हे संदर्भावरूनच कळणार. आणि मुंबईत कित्येक जण वीज जाण्यालाही 'लाइट गेले' म्हणतात, ते वेगळंच.

कर्जत_टोक
मान्य. लाइट इंजिनं घाटात इतकी का दिसतात, ते बँकरवरून कळेल. कर्जत ते लोणावळा आणि कसारा ते इगतपुरी या दोन्ही घाटांत चढ १:३७ पर्यंत आहे, म्हणजे ३७ मीटर पुढे गेलं की १ मीटर वर. रेल्वेच्या हिशेबात हा फार तीव्र चढ. म्हणून कर्जतला किंवा कसाऱ्याला गाडीच्या मागच्या टोकाला जादा इंजिनं जोडतात. ती मागून रेटतात आणि घाट संपला की लोणावळ्याला किंवा इगतपुरीला सुटतात. पुढच्या गाडीसाठी त्यांना परत खाली यावं लागतं. येताना डबे नाहीत, म्हणून ती लाइट. वर जाताना बँकर, खाली येताना लाइट. इंजिन तेच, नाव दिशेप्रमाणे बदलतं.

पाटी_वाचक
पण सगळी इंजिनं पुढेच का नाही जोडत?

कर्जत_टोक
कपलिंगमुळे. सगळी ओढ पुढून लावली तर अख्ख्या गाडीचा भार पहिल्या काही डब्यांच्या जोडांवर येतो. तीव्र चढावर जोड तुटण्याचा धोका तिथेच जास्त. मागून रेटलं की पुढच्या जोडांवरचा ताण कमी होतो. शिवाय मध्येच जोड तुटलाच, तर सुटलेला मागचा भाग उतारावरून घरंगळू नये म्हणून तिथे इंजिन असतंच.

कानामात्रा
'बँकर'चा पैशाच्या बँकेशी संबंध नाही. ब्रिटिश रेल्वेच्या बोलीत 'बँक' म्हणजे चढ. चढावर मदत करणारं ते बँकिंग इंजिन, त्याचं झालं बँकर. "लोणावळ्याला बँकर सोडला" यावर कर्जाचे, हप्त्याचे विनोद होतात, आणि ते दरवेळी नवे असल्यासारखे सांगितले जातात. आणखी एक. इंजिन नपुंसकलिंगी असूनही 'बँकर' मात्र 'तो'. 'लाइट' ते आणि 'बँकर' तो, हा भेद कुणी ठरवला नाही, पण चुकलात की नवखे ठरता.

प्रतिशब्द म्हणून 'रेटा इंजिन' चालेल असं वाटतं. 'ढकलगाडी' नको, ती भाजीची.

शेड_नोंदवही
आता 'ऑफलिंक'. हा शब्द सगळ्यात जास्त चुकीचा वापरला जातो, म्हणून जरा सविस्तर.

'लिंक' म्हणजे कामाची साखळी. अमुक शेडचं (शेड म्हणजे इंजिनांची देखभाल होते ते आगार) इंजिन अमुक गाडी घेऊन जाणार, तिकडून तमुक गाडी घेऊन परतणार, मध्ये किती तास थांबणार आणि तपासणीसाठी शेडमध्ये कधी येणार, याचा तक्ता. डब्यांच्या रेकची, म्हणजे जोडलेल्या डब्यांच्या संचाची, लिंक वेगळी आणि लोको पायलटांची त्याहून वेगळी. एखाद्या गाडीला तक्त्यातल्या शेडचं किंवा जातीचं इंजिन न मिळता भलतंच लागलं, तर ती 'ऑफलिंक'. नेहमीचं इंजिन उशिरा आलं, तपासणीत अडकलं किंवा बिघडलं, तर हाताशी असेल ते देतात. रेल्वेला ही अडचण वाटते, हौशींना दिवाळी.

ओळखायचं कसं? इंजिनावर पाच आकडी क्रमांक असतो आणि बाजूला शेडचं नाव रंगवलेलं असतं. कल्याण, अजनी, भुसावळ, वडोदरा, वलसाड असं. जात, क्रमांक आणि शेड तिन्ही नीट वाचल्याशिवाय ऑफलिंकची हाळी देऊ नये.

फसगत कुठे होते तेही सांगतो. एक, लिंक मध्येच बदलते. नवी लिंक लागू झाली असेल तर जे 'भलतं' वाटतं तेच आता नेहमीचं असतं. सलग चार-पाच दिवस तीच शेड दिसली की ऑफलिंक म्हणणं थांबवावं. दोन, पुढे दोन इंजिनं असतील तर त्यातलं एक 'डेड' असू शकतं, म्हणजे बंद अवस्थेत नुसतं ओढत नेलं जाणारं. गाडी कुणाची ते चालू इंजिनावरून ठरतं. विजेच्या इंजिनाचा पेंटोग्राफ, म्हणजे वरच्या तारेतून वीज घेणारा छतावरचा सांगाडा, खाली असेल तर ते डेड समजायला हरकत नाही. तीन, घाटात मागचं टोक बघून निर्णय देणारे. तो बँकर असतो, त्याचा गाडीच्या लिंकशी काडीचा संबंध नाही.

इगतपुरी_चहा
'ऑफलिंक'ला 'पाहुणं इंजिन' म्हणा. गोड वाटतं.

परळ_पूल
पाहुणा हौसेने येतो. हे नाइलाजाने येतं. मुंबईत यासाठी तयार शब्द आहे: 'बदली'. गिरणीत कायम कामगार आला नाही की त्याच्या जागी त्या पाळीपुरता लागायचा तो बदली कामगार. ऑफलिंक इंजिनाची गत नेमकी तीच. 'आज मेलला बदली लागलंय.' नुसतं ऐकून परळ-लालबागच्या माणसाला अर्थ कळेल.

शेड_नोंदवही
शब्द देखणा आहे, पण घोटाळा होईल. इंजिनं एका शेडकडून दुसऱ्या शेडकडे कायमची वर्ग होतात, त्यालाही बदलीच म्हणतात. 'कल्याणचं इंजिन बदली झालं' म्हणजे आजपुरतं की कायमचं?

परळ_पूल
क्रियापदावर सोडा. 'बदली झाली' म्हणजे कायमची, 'बदली लागलं' म्हणजे आजपुरतं. गिरणीत हाच फरक पाळायचे.

कानामात्रा
हे पटलं. माझं मत 'बदली लागलं'ला.

पाटी_वाचक
एक शंका. डाउन म्हणजे उतरणारी ना? मग घाट उतरताना बँकर कशाला लागले?

कर्जत_टोक
या सापळ्यात सगळेच पडतात. अप-डाउनचा उंचीशी संबंध नाही. मुख्य ठिकाणाकडे जाणारी ती अप, तिथून निघणारी डाउन. मुंबईत मुख्य ठिकाण म्हणजे सीएसएमटी आणि चर्चगेट. त्यामुळे मुंबईहून पुण्याला जाणारी गाडी डाउन, आणि ती घाट *चढते*. पुण्याहून येणारी अप, ती उतरते. डेक्कन क्वीन संध्याकाळी पुण्याला निघते ती १२१२३, म्हणजे डाउन. सकाळी पुण्याहून येते ती १२१२४, म्हणजे अप. "डाउन चढते, अप उतरते" हे वाक्य नवख्याची परीक्षा म्हणून टाकलं जातं.

कानामात्रा
आणि रोजच्या मराठीत 'अप-डाउन करणे' हे क्रियापदच झालंय. 'ती कल्याणहून अप-डाउन करते' यात दिशा पूर्ण पुसली गेली, राहिली फक्त रोजची दगदग.

मोटरकोच
दिशेवरून आठवलं. डब्ल्यू म्हणजे वेस्टर्न आणि सी म्हणजे सेंट्रल, हा खास मुंबईचा गैरसमज. इंजिनाच्या नावातला पहिला डब्ल्यू म्हणजे 'वाइड', म्हणजे ब्रॉडगेज. मीटरगेजला वाय, अडीच फुटी रुळांना झेड, दोन फुटीला एन. माथेरानच्या गाडीची डिझेल इंजिनं एन-वाली ती त्यामुळे. पुढची अक्षरं: सी म्हणजे डीसी वीज, ए म्हणजे एसी, डी म्हणजे डिझेल. नंतर कामाचं अक्षर: पी प्रवासी, जी माल, एम दोन्ही.

त्यामुळे डब्ल्यूसीएएम हे नाव 'वेस्टर्न-सेंट्रल' असं काही नाही. १५०० व्होल्ट डीसी आणि २५,००० व्होल्ट एसी अशा दोन्ही विजांवर चालणारं ते इंजिन होतं. मुंबईत पूर्वी डीसी आणि बाहेर एसी, म्हणून ते लागायचं. पश्चिम रेल्वेवरचं डीसी २०१२ मध्ये संपलं, मध्यच्या मुख्य मार्गावरचं २०१५ मध्ये, हार्बरचं २०१६ मध्ये. दोन विजांची गरज संपली, पण नाव मागे राहिलं. आजही दोन्ही गटांत जमवून घेणाऱ्या माणसाला 'कॅम' म्हणतात.

पाटी_वाचक
हे झकास. आणि एमपीएस?

मोटरकोच
मॅक्झिमम परमिसिबल स्पीड, म्हणजे मुभा असलेला कमाल वेग. 'एमपीएसला गेली' म्हणजे मुभा होती तेवढ्या वेगाने गेली. विज्ञानाचे विद्यार्थी त्याला मीटर पर सेकंद समजतात. तसं धरलं तर 'एमपीएस ११०' म्हणजे ताशी ३९६ किलोमीटर होतील. म्हणून "आज एमपीएस मीटरमध्ये होता" म्हणजे कुणीतरी वेगाची थाप मारतंय.

परळ_पूल
लोकलच्या इंडिकेटरवरची अक्षरं राहिली. मध्य रेल्वेवर के म्हणजे कल्याण, टी ठाणे, एन कसारा, एस कर्जत. वेगाच्या रकान्यात पुन्हा एस म्हणजे स्लो, एफ म्हणजे फास्ट. म्हणून कर्जत फास्ट ती 'एस एफ' आणि कर्जत स्लो ती 'एस एस'. आळशी माणसाला 'एस एस' म्हणणं हा इथलाच विनोद. पश्चिमवाल्यांना समजावून सांगावा लागतो. त्यांच्याकडे रविवारच्या मेगाब्लॉकलाही जम्बो ब्लॉक म्हणतात.

कानामात्रा
रुळांजवळची पिवळी 'सी/फा' पाटीही यादीत घ्या. फाटकाच्या साधारण ६०० मीटर आधी असते. सीटी/फाटक, म्हणजे पुढे फाटक आहे, शिट्टी द्या. इंग्रजीत डब्ल्यू/एल. 'सीटी' हिंदी आहे. मराठीत 'शि/फा' हवं होतं. फाटक तेवढं दोघांचं सामाईक.

पाटी_वाचक
मग माझ्या वाक्याचं भाषांतर असं करतो: "पुण्याकडे निघालेल्या मेलला बदली इंजिन लागलं होतं, मागे तीन रेटा इंजिनं, त्याआधी एक रिकामं इंजिन गेलं."

शेड_नोंदवही
'पुण्याकडे' कशावरून? मूळ वाक्यात फक्त डाउन आहे. डाउन मेल कसाऱ्याच्या घाटातूनही चढते आणि बँकर तिथेही लागतात. ठिकाण न देता नोंद टाकणाऱ्याला आधी जागा विचारा, मग भाषांतर करा.

इगतपुरी_चहा
आणि 'रिकामं' नको. रिकामा असतो तो डब्यांचा रेक, त्यात माणसं बसत नाहीत म्हणून. इंजिनात तर लोको पायलट बसलेला असतो. 'सुटं' म्हणा.

कर्जत_टोक
सुटं! 'सुटं गेलं'. चालेल. फक्त दादरच्या पुलावर मोठ्याने म्हणू नका, दहा जण खिशातली चिल्लर चाचपतील.