मदत हवी आहे: एक्स्प्रेस एन्ट्रीत प्रोफाइल असताना कॅनडाचा स्टडी परमिट

नमस्कार मंडळी,

कॅनडात कायमच्या वास्तव्यासाठी (पीआर) माझं एक्स्प्रेस एन्ट्रीचं प्रोफाइल उमेदवारांच्या पूलमध्ये आहे, पीआरचा अर्ज करण्याचं आमंत्रण (आयटीए) अजून आलेलं नाही. दरम्यान तिथल्या एका सरकारी कॉलेजात पीजी डिप्लोमाला प्रवेश मिळालाय. ऑफर लेटर, प्रांताचं अटेस्टेशन लेटर, जीआयसी (राहण्याच्या खर्चासाठी कॅनडातल्या बँकेत ठेवलेली ठेव) हातात आहे. अर्ज भारतातून, एकटीचा. कुठलाही व्हिसा पूर्वी नाकारलेला नाही.

कॅनडाचा इमिग्रेशन कायदा वाचला. कलम 22(2) प्रमाणे पीआरचा इरादा असला म्हणून स्टडी परमिट अडत नाही. मुदत संपल्यावर मी देश सोडेन, याची अधिकाऱ्याला खात्री पटली पाहिजे. इथपर्यंत ठीक.

घोडं अडलंय ते फॉर्मपाशी. ‘यापूर्वी कॅनडात येण्यासाठी किंवा राहण्यासाठी अर्ज केला आहे का?’ हो की नाही, एवढंच. माझ्या समजुतीप्रमाणे प्रोफाइल म्हणजे पीआरचा अर्ज नव्हे, अर्ज आयटीएनंतर होतो. म्हणजे उत्तर ‘नाही’. पण मग एसओपीचं, म्हणजे शिकायला का जातेय हे सांगणाऱ्या पत्राचं, काय? एक एजंट म्हणतो, पीआरचा ‘प’सुद्धा काढू नका. दुसरा म्हणतो, सगळं मोकळेपणाने लिहा. लपवाछपवी मला करायचीच नाही. खोटी माहिती ठरली तर 5 वर्षांची बंदी, म्हणजे शिक्षणही गेलं आणि पीआरही.

प्रोफाइल मागे घ्या, हा सल्ला कृपया नको. ती संधी सोडायची नाहीये.

प्रोफाइल चालू असताना ज्यांना परमिट मिळाला किंवा नाकारला गेला, त्यांनी सांगा: त्या रकान्यात काय उत्तर दिलंत, आणि एसओपीत प्रोफाइलबद्दल नेमकं किती लिहिलंत?