लढाई कानाने कळते का?

रात्रपाळी:
जेम्स हॉलंड हा दुसऱ्या महायुद्धावर लिहिणारा ब्रिटिश इतिहासकार. विनोदवीर ॲल मरेबरोबर २०१९पासून त्याचा 'वी हॅव वेज ऑफ मेकिंग यू टॉक' हा पॉडकास्ट चालू आहे. ऐकायला झकास, पण लढाई अशी ऐकून कळत नाही. इटलीतली माँते कॅसिनोची लढाईच घ्या. जानेवारी ते मे १९४४, चार मोठे हल्ले. नदी कुठे, मठाचा डोंगर कुठे, कोण कुठून चढलं? समोर नकाशा नसेल तर सगळं डोक्यावरून जातं. त्यात मित्रांच्या गप्पा, म्हणजे मुद्दा रंगतच जातो. टायगर रणगाडा हा जर्मनांचा मूर्खपणा होता, असं हल्ली पोरं छातीठोकपणे सांगतात. कशावरून? तर 'पॉडकास्टमध्ये ऐकलं'.

गॅरेजवाला:
उदाहरण चुकलं, राव. टायगर म्हणजे ५०-५५ टनांच्या वरचं धूड, आणि बनले जेमतेम साडेतेराशे. अमेरिकेचे शर्मन पन्नास हजारांच्या घरात. टायगरची चाकं एकमेकांत गुंतवलेली. आतलं एक बदलायचं तर आधी बाहेरची काढा! रशियात त्या फटींत चिखल गोठला की गाडी जागच्या जागी. सेनापतींची चरित्रं मीही वाचलीत, पण कारखाना, पुरवठा, दुरुस्ती ही बाजू हॉलंडनेच कानात घातली. आणि दोघेच बोलतात असंही नाही, पाहुणे अभ्यासक येतात.

रात्रपाळी:
एकच बाजू ऐकलीत म्हणून पटलं. जर्मनीत पेट्रोलची बोंब, माणसांची बोंब. पन्नास हजार रणगाडे केले असते तर चालवणार कशावर? मग थोडेच पण जबरदस्त बनवणं अगदीच वेडेपणाचं होतं का? पुस्तक असतं तर तळटीप धरून हे तपासता आलं असतं.

नारायणपेठी:
तळटीपांचं कौतुक पुरे. न्यायमूर्ती रानड्यांनी १८७५ साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून पुणं इतिहास ऐकतच आलंय. वक्त्याला तळटीप कोण विचारतो? पॉडकास्ट निदान मागे नेऊन परत ऐकता येतो.

माणगावची:
टाळ्या पडल्या म्हणजे खरं, हे फक्त पुण्यात. :)
इटलीत मराठा पलटणीला दोन व्हिक्टोरिया क्रॉस, म्हणजे ब्रिटिशांचं शौर्याचं सर्वोच्च पदक, मिळाले. आमच्या तालुक्यातले यशवंत घाडगे, १० जुलै १९४४, टायबरचं खोरं, मरणोत्तर. आणि नगर जिल्ह्यातले नामदेव जाधव, ९ एप्रिल १९४५, सेनिओ नदी. जाधवांच्या पदकाचा अधिकृत मजकूर वाचा. दोन जखमींना एकेक करून खोल पाण्यातून, सुरुंगांच्या पट्ट्यातून सुखरूप नेलं. मग एकट्याने मशीनगनच्या ठाण्यांवर चाल. हाताला लागलं, बंदूक चालेना, तर ती फेकून हातबॉम्ब घेतले. शेवटी बांधावर चढून मराठ्यांची युद्धगर्जना केली आणि मागच्यांना हात दाखवून पलीकडे बोलावलं. हे सगळं एका कागदावर आहे. पण शाळेत मी तो वाचून दाखवत नाही, सांगते. नुसतं वाचलं तर मागचे बाक पेंगतात.

रात्रपाळी:
ताई, तुम्ही आधी कागद वाचलाय. माझी तक्रार न वाचता सांगणाऱ्यांबद्दल आहे.

गॅरेजवाला:
मग ती श्रोत्यांबद्दल झाली, हॉलंडबद्दल नाही. धाग्याचं नाव बदला.
अवांतर: इंग्लंडात बोव्हिंग्टनच्या संग्रहालयातला टायगर १३१ अजून चालतो. त्याचे व्हिडिओ बघा, चाकांचं प्रकरण लगेच कळेल.