गरोदरपणातल्या बीपीवर एमआरएनएचं इंजेक्शन: गरोदर बायकांवर ट्रायल व्हावी का?

अनुजा_क: माझ्या बहिणीला सातव्या महिन्यात प्रीएक्लॅम्प्सिया (गरोदरपणात बीपी धोकादायक चढण्याचा आजार) झाला, पाय इतके सुजले की जोडवी कापून काढावी लागली, बीपी १७०/११०, डॉक्टर म्हणाले बाळ बाहेर काढणं हाच उपाय. ३०व्या आठवड्यात सिझर, बाळ महिनाभर पेटीत. म्हणून पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाचं २०२४च्या शेवटी ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात आलेलं काम वाचल्यापासून डोक्यातून जात नाहीये. एमआरएनए (पेशींना प्रथिन बनवायची सूचना देणारा रेणू) वाहून नेणाऱ्या चरबीच्या नॅनोकणांचे, म्हणजे अतिसूक्ष्म कणांचे, ९८ प्रकार तपासून त्यांनी असा एक काढला जो नेहमीसारखा सगळा यकृतात न जाता वारेपर्यंत पोचतो. आतल्या एमआरएनएमुळे तिथल्या पेशी व्हीईजीएफ हे रक्तवाहिन्या वाढवणारं प्रथिन बनवतात, रक्तवाहिन्या सुधारतात, आणि एकाच इंजेक्शनवर गाभण उंदरिणीचं बीपी शेवटपर्यंत आटोक्यात! माणसांवरच्या ट्रायलची तयारी आत्तापासूनच करायला हवी.

सह्याद्री७१: ताई, बहिणीचं वाचून वाईट वाटलं, पण घाई नको. उंदराचं गरोदरपण जेमतेम २० दिवसांचं, त्यांची वारही आपल्यासारखी नाही. थॅलिडोमाइड आठवा, मळमळीवर म्हणून दिलं आणि १९६१ला बंद होईपर्यंत हजारो मुलं हातापायांचं व्यंग घेऊन जन्मली. त्यापेक्षा प्रत्येक बाईचं बीपी दर भेटीला मोजा, लघवी तपासा, जोखीम असेल तर ॲस्पिरिन वेळेत सुरू करा, २०१७च्या मोठ्या ट्रायलमध्ये तेवढ्यानेच ३७ आठवड्यांआधीचा प्रीएक्लॅम्प्सिया निम्म्याहून कमी झाला.

अनुजा_क: दादा, ॲस्पिरिन तिला तिसऱ्या महिन्यापासून चालू होती, तरी झालं. आणि थॅलिडोमाइड नीट न तपासता वाटलं म्हणून तर ते घडलं ना? कोविडच्या लशींच्या पहिल्या ट्रायलमधून गरोदर बायका वगळल्या, आपल्याकडे त्यांना परवानगी मिळाली थेट जुलै २०२१मध्ये, तोवर कितीजणी लशीशिवाय ताटकळल्या.

लेबररूमवाली: मी नर्स आहे, मला दोघांचंही पटतं पण अडचण वेगळीच दिसते. बीपी चढलेली बाई, डोकं ठणकतंय, डोळ्यांपुढे काजवे, झटके येऊ नयेत म्हणून मॅग्नेशियम चालू, आणि सही नवरा नाहीतर सासू करते. अशा वेळी ट्रायलच्या कागदावर घेतलेली सही ही संमती कशी? हे सगळं तिला पाचव्या महिन्यातच, तब्येत धड असताना समजावून सांगायला हवं. तसं होणार नसेल तर माझा ट्रायलला विरोध.

अनुजा_क: हे मला सुचलंच नव्हतं. सिझरच्या फॉर्मवर सही मी केली होती. तिला कुणीच विचारलं नव्हतं, मीसुद्धा नाही.