कारखान्यात अपघात झाला की कंपनीनं लगेच बोलावं, की तपास होईपर्यंत तोंड बंद ठेवावं?

हिंगणेकर (धागाकर्ता)

नागपूरजवळच्या हिंगणा एमआयडीसीतल्या एका कारखान्यात मागच्या उन्हाळ्यात आग लागली. नाव मुद्दाम देत नाही. माझा भाचा तिथे सेकंड शिफ्टला होता. आम्हाला कळलं ते व्हॉट्सॲपवरच्या व्हिडिओमुळे, खाली लिहिलेलं ‘२० मेले’. फोन लागेना. गेटवर पोहोचलो तर बाहेर शंभरेक माणसं आणि आत एक गार्ड. त्याचं एकच पालुपद, "साहेब मीटिंगमध्ये आहेत." कोणी म्हणे जखमींना मेडिकलला नेलं, कोणी म्हणे मेयोला (नागपुरातली दोन सरकारी हॉस्पिटलं). मी एकीकडे पळालो, जावई दुसरीकडे. भाचा रात्री साडेदहाला मागच्या गेटजवळ सापडला, धडधाकट. मोबाईल लॉकरमध्ये अडकला होता. एकूण जखमी २.

दुसऱ्या दिवशी पेपरात कंपनीची प्रेस नोट: ‘किरकोळ घटना, परिस्थिती पूर्णपणे नियंत्रणात, सुरक्षेला आमचे सर्वोच्च प्राधान्य.’

माझं म्हणणं, पहिल्या तासाभरात कोणीतरी जबाबदार माणसानं गेटवर यायलाच पाहिजे. सगळं माहीत नसलं तरी चालेल. काय कळलंय, काय अजून कळलेलं नाही आणि पुन्हा किती वाजता सांगू, एवढं बोला. त्यातही वेळ सगळ्यात महत्त्वाची. ‘साडेसातला परत येतो’ म्हटलं की माणूस साडेसातपर्यंत थांबतो. वेळच सांगितली नाही तर तो मोबाईल उघडून बसतो.

कोर्टाची_पायरी

भाच्याचं ऐकून वाईट वाटलं, पण मुद्दा पटला नाही.

पहिल्या तासातला आकडा हमखास चुकतो. मॅनेजर ‘२ जखमी’ म्हणाला आणि रात्री ढिगाऱ्याखाली तिसरा सापडला, तर हीच गर्दी ‘लपवलं, लपवलं’ म्हणून काचा फोडेल. शिवाय तो कॅमेऱ्यासमोर जे बोलेल ते उद्या पोलिसांच्या कागदात आणि परवा कोर्टात. पब्लिक लायबिलिटीच्या (बाहेरच्यांचं नुकसान झालं तर भरपाईसाठीच्या) विमा पॉलिसीत सर्रास अट असते की विमा कंपनीच्या संमतीशिवाय जबाबदारी कबूल करायची नाही. भावनेच्या भरात ‘आमची चूक झाली’ म्हणून गेलात तर विमा कंपनी हात वर करू शकते. मग भरपाई कोणाच्या खिशातून?

आणि गप्प बसल्यानं कंपन्या बुडतात हेही खोटं. मॅगी आठवा. जून २०१५ मध्ये बंदी आली. सुरुवातीला कंपनी ‘आमचं उत्पादन सुरक्षित आहे’ यापलीकडे फार काही बोलली नाही, सगळ्यांनी धू धू धुतलं. ऑगस्टमध्ये मुंबई उच्च न्यायालयानं बंदी रद्द केली, नोव्हेंबरमध्ये माल परत दुकानात. आज खाता की नाही तुम्ही?

जुना_डेस्क

खातो. पण वकीलसाहेब, हजारो टन माल नष्ट करावा लागला, तो हिशेब तुम्ही सोयीनं गाळलात.

नागपुरात बातमीच्या डेस्कवर बरीच वर्षं काढली, म्हणून आतलं सांगतो. कंपनी बोलली नाही म्हणून बातमी थांबत नाही. पान सोडायची वेळ ठरलेली असते. मालक फोन उचलत नाही, पीआरओ ‘मेल करा’ म्हणतो, मग आकडा कोणाचा जातो? जो फोन उचलेल त्याचा. पानटपरीवाल्याचा, युनियनच्या पुढाऱ्याचा, ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरचा. शेवटी आम्ही एक ओळ जोडतो, ‘व्यवस्थापनाशी संपर्क होऊ शकला नाही’, आणि वाचकाच्या लेखी तीच कबुली होते. टीव्हीवाले तर गार्डच्याच तोंडासमोर बूम धरतात. महिना बारा-पंधरा हजारांचा माणूस कंपनीचा प्रवक्ता!

आता कोणीतरी १९८२ च्या टायलेनॉलचं (अमेरिकेतलं वेदनाशामक औषध) उदाहरण आणेलच, म्हणून आधीच सांगतो. शिकागोकडे सायनाइड मिसळलेल्या कॅप्सूलनं ७ जण गेले, जॉन्सन अँड जॉन्सननं ३ कोटींहून जास्त बाटल्या परत घेतल्या, हे एमबीएवाल्यांना तोंडपाठ असतं. पण तिथे विष बाहेरच्या कोणीतरी मिसळलं होतं. आपण स्वतः गुन्हेगार नसताना मोकळेपणानं बोलणं सोपं असतं, त्यात विशेष काय? त्यापेक्षा आपल्याकडचं कॅडबरी बघा. ऑक्टोबर २००३ मध्ये महाराष्ट्राच्या एफडीएला (अन्न व औषध प्रशासनाला) चॉकलेटात अळ्या सापडल्या. कंपनीनं आधी दुकानदाराच्या साठवणुकीकडे बोट दाखवलं, ते कोणाला पटलं नाही. मग वेष्टन बदललं, दुकानदारांना माल कसा ठेवायचा ते शिकवलं, अमिताभला जाहिरातीत आणलं. म्हणजे आधी काहीतरी केलं आणि मग बोलले.

बुटीबोरी_शिफ्ट

वकीलसाहेब, मी कामगार माणूस, साधं विचारतो. काहून लपवता? तुमच्या कायद्यातच लिहिलं आहे नं. भोपाळनंतर १९८७ मध्ये फॅक्टरी ॲक्टमध्ये कलम ४१ब आलं. धोकादायक कारखान्यानं धोका काय, काळजी काय घ्यायची, हे कामगारांना, फॅक्टरी इन्स्पेक्टरला आणि आजूबाजूच्या लोकांनाही सांगितलं पाहिजे. आमच्या शेजारच्या वस्तीत कोणाला माहीत आहे कोणत्या टाकीत काय आहे? वारा पाहून कोणीकडे पळायचं ते?

भोपाळच्या त्या रात्री लोकांसाठीचा भोंगा थोडा वेळ वाजवून बंद केला होता. ओला कपडा तोंडावर धरा, एवढं जरी कोणी सांगतलं असतं तरी किती जीव वाचले असते. तिथे कोणत्या विम्याची वाट पाहत होते भाऊ?

कोर्टाची_पायरी

भोपाळ मध्ये आणलंत की वाद संपतो हे मला माहीत आहे, पण ही दोन वेगळी प्रकरणं आहेत. गॅस पसरतोय तर ‘पळा’ सांगणं हे कर्तव्यच, त्यात कोणता वकील आडवा येणार नाही. मी बोलतोय ते आग विझल्यानंतरच्या बोलण्याबद्दल. कशामुळे झालं, कोणाची चूक, किती गेले. इथे घाई नको.

तळमजला_धरमपेठ

कंपन्यांचं सोडा हो, सरकारी यंत्रणांचं काय? २३ सप्टेंबर २०२३. पहाटे नागपूरचा अंबाझरी तलाव ओसंडला, काही तासांत १०० मिमीच्या वर पाऊस. आम्हाला जाग आली तेव्हा गादी ओली होती. गंमत म्हणजे त्याच वर्षी २० जुलैला फोन किंचाळला होता, ‘आपत्कालीन सूचना, ही चाचणी आहे.’ आजी घाबरून देवघरात जाऊन बसली. खऱ्या पुराच्या रात्री माझा फोन शांत. पहिली खबर वरच्या मजल्यावरच्या काकूंनी दिली, खिडकीतून ओरडून. दिवस उजाडल्यावर मात्र मंत्री, आयुक्त, जिल्हाधिकारी सगळ्यांच्या पोस्टी सुरू. मदत पोहोचली, बोटी आल्या, ते नाकारत नाही. पण मला पहाटे तीनला एक ओळ हवी होती: ‘नाग नदीकाठच्यांनो, वर चढा.’

वॉर्डातली_सिस्टर

हिंगणेकर भाऊ, एक बाजू राहिली. जखमी आमच्याकडे आले की लगेच कोणीतरी ‘यादी द्या’ म्हणत वॉर्डात घुसतं, आणि त्यात नातेवाइकांपेक्षा कॅमेरेच जास्त. भाजलेला माणूस ओळखू येत नाही. चुकीच्या घरी ‘तुमचा मुलगा गेला’ असा निरोप गेलेला मी पाहिला आहे. त्या आईला नंतर ‘चूक झाली’ सांगायला कोणता साहेब आला नाही, आमची स्टाफ नर्सच गेली. म्हणून नाव आधी घरच्यांना, तेही खात्री करून. टीव्हीला नुसता आकडा.

आणि डिसेंबर २०२३ आठवा. नागपूरजवळच्या बाजारगावच्या स्फोटकांच्या कारखान्यात ९ कामगार गेले, त्यात ६ बाया. अशा स्फोटात ओळख पटवायला वेळ लागतो, तो लागणारच. पण ‘ओळख पटवणं चालू आहे, इतका वेळ लागेल, तोपर्यंत इथे बसा, पाणी आहे’ असं सांगायला कोणत्या तपासाची गरज नसते.

हिंगणेकर

सिस्टर, नावांचं पटलं. यादी मागणाऱ्यांत मीही होतो.

वकीलसाहेब, मग आपलं भांडण किती उरलं? गेटवर एक फळा. ‘सायं. ६.१०: आग विझवणं चालू. ६.३०: २ जखमी, मेडिकलला हलवले. हजेरीपत्रकाशी पडताळणी चालू. पुढची माहिती ७.३० वाजता.’ यात कारण नाही, चूक कोणाची ते नाही. याला तुमची हरकत?

कोर्टाची_पायरी

‘आतापर्यंत’ हा शब्द घाला. ‘आतापर्यंत २ जखमी’. मग हरकत नाही. पण खाली सही कोणाची? फॅक्टरी मॅनेजर करणार नाही, लिहून देतो. मुंबईच्या हेड ऑफिसला फोन लावेल, आणि हेड ऑफिस मीटिंगमध्ये असेल.

बुटीबोरी_शिफ्ट

आमच्याकडे शिफ्ट इन्चार्जला द्या सही. हजेरीचा कागद त्याच्याच हातात असते. फक्त दुसऱ्या दिवशी त्याला मेमो देऊ नका, म्हणजे झालं.