अनुभव धागा : घराण्याच्या जुन्या नोंदी तुम्हाला कुठे सापडल्या?

पोयबावडी
मुंबईत आपल्यापैकी अनेकांची तिसरी-चौथी पिढी. गिरणीत, गोदीत, रेल्वेत लागलेल्या पणजोबांच्या मागचं कुणी विचारलं की घरात एकच उत्तर: "ते सगळं गावाला." आता नोंदी कशा शोधायच्या हे सांगणारी पानं नेटवर बरीच आहेत. फॅमिलीसर्च या वंशावळीच्या संकेतस्थळाची विकी (माहितीची पानं) आहे, ब्रिटिश काळासाठी फिबिस या ब्रिटिश भारतातल्या घराण्यांचा शोध घेणाऱ्या संस्थेची आहे, शिवाय सरकारी अभिलेखांची संकेतस्थळं. ती वाचून प्रत्यक्ष कागद हाती लागला का, ते लिहा. "ॲप टाका, वंशवृक्ष तयार" छापाचं काही नको.

माझं सांगते. फॅमिलीसर्चवर हरिद्वारसारख्या तीर्थक्षेत्रांतल्या पंड्यांच्या, म्हणजे यात्रेकरूंची घराणी नोंदवणाऱ्या पुरोहितांच्या, वह्यांचे फोटो आहेत, खातं फुकट आहे. पण बऱ्याच वह्या नावानं शोधता येत नाहीत. विकी वाचल्यावर कळलं, की कॅटलॉगमध्ये आडनाव नाही, ठिकाण टाकायचं आणि मग पानं उलटत बसायचं. आमचे लोक त्र्यंबकेश्वरला जायचे. तिथल्या उपाध्यायांनी आधी मूळ गाव विचारलं, मग आडनाव, आणि वही काढली. पणजोबांच्या वडिलांचं नाव तिथे मिळालं.

कुळाचीवाडी
तुमच्या घराण्याची जमीन कधीकाळी असेल तर फेरफार (जमिनीच्या हक्कातल्या बदलाची नोंद) बघाच. 'आपले अभिलेख' या सरकारी संकेतस्थळावर काही जिल्ह्यांचे जुने सातबारे आणि फेरफार स्कॅन केलेले आहेत. जिल्हा, तालुका, गाव, कागदाचा प्रकार आणि गट नंबर एवढं हवं. जिल्हा तिथे नसेल तर तहसीलच्या रेकॉर्ड रूमला पर्याय नाही.

त्यातला वारस फेरफार म्हणजे खजिना. अमुक मयत, वारस तमुक, विधवा अमुक, मुलगे, वयं. १९५६च्या हिंदू वारसा कायद्यानंतरच्या नोंदींत मुलीही दिसू लागतात. आजोबांना एक धाकटी बहीण होती हे मला अशाच एका फेरफारातून समजलं. आत्याला विचारलं तर म्हणाली, "होती. हक्कसोड करून दिली, मग येणंजाणं तुटलं." एवढं बोलून तिनं विषय बदलला.

मोडीवेडा
२०२३ मध्ये कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला आणि अनेक जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर गावनिहाय जुने कागद चढले. (आरक्षणावर इथे भांडू नका, धागा वाहून जाईल.) गाव नमुना १४ म्हणजे जन्म-मृत्यूचं रजिस्टर आणि शाळांची दाखल-खारीज रजिस्टरं, ही दोन आधी बघा. जुनी पानं मोडीत असतात आणि आडनाव क्वचितच. 'रामा बिन गोविंदा' (गोविंदाचा मुलगा रामा) एवढंच. त्यामुळे दोन पिढ्यांची नावं पाठ हवीत, नाहीतर गावात रामा पुष्कळ. साल शक असेल तर ७८ मिळवा, पौष-माघ-फाल्गुनाच्या नोंदींना बहुधा ७९.

पाली_हिल_नव्हे_पाली_गाव
आम्ही ईस्ट इंडियन, म्हणजे मुंबई परिसरातले मूळचे ख्रिस्ती. आमच्याकडे सगळं चर्चच्या रजिस्टरांत: बाप्तिस्मा, लग्न, दफन. विकीचा उपयोग एवढाच, की आधी पॅरिश (चर्चचा हद्दीचा भाग) ठरवा. आजचं जवळचं चर्च नव्हे, त्या काळी कुटुंब ज्या पॅरिशमध्ये होतं ते. मग पाद्रीबाबांना रीतसर पत्र. जुनी पानं लॅटिन किंवा पोर्तुगीजमध्ये. बाप्तिस्म्याच्या नोंदीतली धर्मपित्याची आणि धर्ममातेची नावं सोडू नका, बहुतेक वेळा मामा, काका, आत्याच निघतात.

शनवारतेली
मी बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यूंपैकी. आमच्या आडनावातच कोकणातलं गाव असतं, म्हणून अर्धं काम तिथेच होतं. उरलेलं कबरस्तानात. ज्यूइशजेन या ज्यू वंशावळीच्या संकेतस्थळावर दफननोंदी आहेत, पण आपली कबर स्वतः जाऊन वाचावी. मजकूर हिब्रू आणि मराठीत असतो. शाईनं लिहिलेल्यापेक्षा दगडावरचं टिकलंय, चिंचपोकळीचा पावसाळा खाऊनसुद्धा!

लालबागचा_जुना
ऑनलाइन काही नाही आमच्याकडे. पण गिरणी कामगारांच्या घरांसाठी अर्ज भरताना वडिलांचं गिरणीतलं तिकीट, हजेरी कार्ड, पगाराच्या पावत्या शोधल्या, तेव्हा घरचा अर्धा इतिहास ट्रंकेतून बाहेर आला. झेरॉक्स काढून ठेवा रे, मूळ कागद देऊन बसू नका.

मालवणचा_खलाशी
पणजोबांचे भाऊ पहिल्या महायुद्धात बोटीवर गेले. युद्धात गेलेल्यांच्या नोंदी ठेवणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या संकेतस्थळावर नाव फुकट शोधता येतं. मशीद बंदरच्या खलाशांच्या होममध्ये त्या युद्धात गेलेल्या दोन हजारांहून जास्त खलाशांचं स्मारक आहे, कितीतरी मुंबईकरांना पत्ताच नाही. काही नोंदींत बापाचं नाव आणि जिल्हा दिलाय. माझी अडचण अशी, की सिंधुदुर्ग टाकलं की काहीच येत नाही.

पोयबावडी
येणार कसं, खलाशीकाका? सिंधुदुर्ग १९८१ला झाला. रत्नागिरी टाका. रायगडवाल्यांनीही जुन्या कागदांत कुलाबा बघा, आणि पालघरवाल्यांनी ठाणे. नावाचं इंग्रजी स्पेलिंग कारकुनाच्या कानावर होतं, तेव्हा सावंतचे दोन-तीन अवतार करून बघा.

मालवणचा_खलाशी
रत्नागिरी टाकल्यावर तिघे निघाले. तिघांच्याही बापाचं नाव बाबाजी. आता गावी फोन लावतो.