शरदातली रेखाटनं: मित्रमैत्रिणींसोबत उघड्यावर बसून काढलेली चित्रं. तुमचे अनुभव सांगा

घटस्थापना झाली की साताऱ्यात चित्रं काढणाऱ्यांच्या पिशव्या भरायला लागतात. कागद आता सर्दाळत नाही, आणि उन्हाळ्यातला धुरळा अजून लांब असतो. पावसानं हवा धुतलेली, त्यामुळे लांबचे डोंगरही रेघ ओढल्यासारखे स्वच्छ. २२-२३ सप्टेंबरनंतर सूर्य विषुववृत्ताच्या दक्षिणेला सरकतो. आपलं गाव अजिंक्यताऱ्याच्या उत्तर पायथ्याला, म्हणजे किल्ल्याची गावाकडची बाजू या दिवसांत उन्हाला पाठ करून असते. सकाळचं तिरपं ऊन तिला नुसतं घासून जातं, आणि एकेक घळ वेगळी दिसते. मे-जूनमध्ये हाच डोंगर सपाट वाटतो.

शेजारी माणसं बसलेली असताना काढलेलं चित्र वेगळं होतं, असं मला मनापासून वाटतं. मैत्रिणीच्या वहीत तेच झाड निराळं उभं असतं, आणि मग आपल्याला ते परत बघावंच लागतं. म्हणून विचारतेय: तुम्ही कुठे बसता, कुणाबरोबर बसता, आणि सोबतच्या माणसामुळे तुम्हाला काय दिसलं? चित्र चांगलं आलं की नाही हे दुय्यम आहे. सविस्तर लिहा.

सातारा, बँकेत नोकरी

आमची बैठक अजिंक्यताऱ्याच्या उतारावरच्या 'चार भिंती' स्मारकापाशी. खाली गाव पसरलेलं, डावीकडे यवतेश्वर, उजवीकडे लांब जरंडेश्वर. आमच्यात धरणांच्या कामावर राहिलेला एक इंजिनिअर मित्र आहे. तो बसला की आधी पेन्सिल आडवी धरून डोंगराच्या अंगावरच्या आडव्या रेघा टिपतो. "अरे, हे लाव्हाचे थर आहेत, भाकरीच्या चवडीसारखे एकावर एक. मऊ थर झिजला तिथं उतार झाला, कठीण थर टिकला तिथं कडा उभा राहिला." हे कळल्यापासून मी डोंगर त्रिकोणी काढत नाही. उतार, कडा, परत उतार, परत कडा आणि वर सपाट माथा, असाच हात चालतो.

आश्विनात याला रंगाचीही साथ मिळते. उघड्या उतारावरचं गवत आधी पिवळं पडतं, घळीतलं हिरवं राहतं, कारण ओल तिथं टिकते. शाळेपासूनची एक मैत्रीण हे दोनच रंग घेऊन बसते, पेन्सिल लावतच नाही. आम्ही बाह्यरेखा खोडत असतो तोवर तिच्या कागदावर डोंगर उभा राहिलेला असतो.

वाई, चित्रकला शिक्षिका

मेणवलीचा घाट हा माझा जीव आहे. मागं नाना फडणवीसांचा वाडा, पुढ्यात कृष्णा आणि मधे अर्धगोल वळत गेलेल्या दगडी पायऱ्या. एलिमेंटरी-इंटरमिजिएट दिलेली माझी जुनी मुलं आता कॉलेजात, नोकरीत आहेत. दसऱ्याच्या सुट्टीत ती येतात आणि आम्ही सगळे ओळीनं बसतो.

पायऱ्या सोप्या वाटतात, तशा त्या नाहीत. घाटाच्या मध्यावर बसा. डोळ्याच्या पातळीखालच्या पायऱ्यांची पाय ठेवायची बाजू दिसते, वरच्या पायऱ्यांची फक्त उभी बाजू. हे न बघता रेघा मारत गेलं की घाटाची भिंत होते. शाळेत यथार्थदर्शनाच्या (पर्स्पेक्टिव्हच्या) धड्यात हे फळ्यावर कितीदा काढून दाखवलं असेल, पण मुलांना ते खरं कळलं तिथल्या दगडावर बसून, एकमेकांच्या वह्या शेजारी शेजारी ठेवल्यावर. एक वरच्या पायरीवर बसलेला, एक खाली पाण्याजवळ, आणि घाट एकच.

तिथं धुणं धुवायला आलेल्या एक आजी एका मुलीच्या मागं येऊन उभ्या राहिल्या. बराच वेळ बघून म्हणाल्या, "पायऱ्या लई झ्याक काढल्यास गं बाय, पर माणसं पाण्यातनं वर आल्याली कुठं दिसत्यात?" आम्ही सगळ्यांनी माना वर केल्या. भिजल्या पावलांचे आणि पिळलेल्या लुगड्यांचे ओघळ पायऱ्यांवरून वर गेलेले. कोरडा काळा पाषाण उन्हात राखाडी दिसतो, ओला झाला की जवळजवळ काळा. त्या गडद पट्ट्यांनीच घाट वापरातला वाटतो, माणूस न काढताही माणूस दिसतो. त्यासाठी काळ्या रंगाची ट्यूब उघडू नका. अल्ट्रामरीन निळा आणि बर्न्ट सिएना मिसळा, निळा जास्त घेतला की ओला दगड, तपकिरी जास्त घेतला की उन्हातला.

एक विद्यार्थी मात्र दरवेळी तिथली घंटाच काढतो. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई जिंकली, त्या लुटीतली पोर्तुगीज चर्चची ही घंटा. तिच्यावर बाळ येशूला घेतलेली मेरी आहे. महादेवाच्या देवळाशेजारी ती टांगलेली बघताना त्याचा हात आपोआप हळू चालतो.

सातारा, वनस्पतिशास्त्राची विद्यार्थिनी

आम्ही रूममेट कासला जातो, गर्दी टाळून आठवड्याच्या मधल्या दिवशी. २०१२ मध्ये पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा मिळाला, त्यात कास आहे. कातळावर मातीचा अगदी पातळ थर आणि त्यावर सगळी फुलं. एक पाऊल आत टाकलं तरी पुढच्या वर्षीचं बी तुडवलं जातं. म्हणून हात जोडून सांगते, ठरवलेल्या वाटेवरूनच काढा. चांगल्या कोनासाठी आत जाऊन बसलेली माणसं बघितली की फार वाईट वाटतं.

वाटेवर उभं राहून छोटी वही पुरते. सप्टेंबरात तिथं धुकं असतं, जलरंग वाळतच नाहीत, रंगीत पेन्सिली बऱ्या. आम्ही फुलं वाटून घेतो. मी सीतेची आसवं काढते: इवलंसं जांभळं फूल, पण मुळांच्या जागी पाण्यातले सूक्ष्म जीव पकडणाऱ्या पिशव्या. त्या दिसत नाहीत, तरी मला माहीत असतात आणि फूल काढताना देठ कातळाशी कुठं शिरतो तिथं मी थांबते. रूममेट अर्थशास्त्राची. ती एकेक फूल बघतच नाही, सोनकीचा पिवळा आणि तेरड्याचा गुलाबी यांचे पट्टे काढते. तिच्या पानावरून माझ्या लक्षात आलं की पट्टे वाटेल तसे नाहीत. पाणी साचतं तिथं वेगळी फुलं आणि उंचवट्यावर वेगळी. पुस्तकात वाचलेलं मला तिच्या चित्रात सापडलं.

पुणे, मूळ गाव लिंबजवळ

लिंबची बारा मोटेची विहीर कुणी काढली आहे का? विरुबाई भोसले यांनी शके १६४१ ते १६४६, म्हणजे इ.स. १७१९ ते १७२४ या काळात बांधलेली, आमराईच्या पाण्यासाठी. वरून फोटो काढून लोक निघून जातात. जिन्यानं खाली उतरा, कमानीत बसा. ऊन डोक्यावर येतं तेव्हाच भिंतीवरून उतरतं, त्यामुळे सावलीची कड दर पाच मिनिटांनी हलते. आम्ही भावंडं ती कड आधी आखून घेतो आणि मग तिच्याकडे बघत नाही.

कोरेगाव, सेवानिवृत्त

मी आणि माझा वर्गमित्र औंधला जातो. श्री भवानी संग्रहालय १९३८ चं. बाळासाहेब पंतप्रतिनिधी औंधचे राजे होते, पण हाडाचे चित्रकार. पंडित सातवळेकर लोकांना वेदांचे अभ्यासक म्हणून ठाऊक असतात, तेही मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकलेले चित्रकार, आणि बरीच वर्षं औंधात राहिले. आत रविवर्म्यांची मूळ चित्रं बघायची आणि मग यमाईच्या डोंगराच्या पायऱ्यांवर बसायचं, असा आमचा शिरस्ता.

मित्राला कंपवात आहे. आजार कळला तेव्हा त्यानं ब्रश कपाटात ठेवून दिले होते. मी म्हटलं, "बाळ्या, कागद मोठा घे आणि मनगट टेकवू नकोस." बोटं थरथरतात, पण खांद्यातून हात फिरवला तर मोठी रेघ जाते. आता तो कोळसा घेतो, अख्खा हात फिरवून तटबंदी काढतो, बुरुज काढतो. बारीक काम नाही. खरं सांगतो, तरुणपणी त्याच्या रेघेत एवढा जोर नव्हता. आमच्या वयात भेटलं की तब्येत आणि पेन्शन हेच बोलणं. तिथं दोन-दोन तास आम्ही काही बोलत नाही, तरी घरी येताना भेटल्यासारखं वाटतं.

कराड, गृहिणी

काकांचं वाचून डोळे भरले. आम्ही शेजारणी दिवाळीआधी प्रीतिसंगमावर बसतो. एक अडचण: ऑक्टोबरच्या उन्हात आकाशाचा वॉश (पातळ रंगाचा सलग थर) अर्ध्यातच वाळतो आणि मधे कड उमटते. काय करावं?

वाई, चित्रकला शिक्षिका

ताई, रंग लावण्याआधी कागद नुसत्या पाण्यानं ओला करून घ्या, मागूनही एक हात फिरवा. जाड कागद घ्या, ३०० जीएसएमचा, तो ओल धरून ठेवतो. रंग आधीच भरपूर कालवून ठेवा, मधे परत कालवायला थांबलात की कड आलीच. मोठा ब्रश घ्या, बोर्ड थोडा तिरपा ठेवा, म्हणजे रंगाचा थेंब खाली सरकत राहतो.

आणि छत्री कागदावर धरा. उन्हातला पांढरा कागद डोळे दिपवतो, लावलेला रंग फिका वाटतो, मग आपण गडद लावत जातो आणि घरी आल्यावर चित्र काळवंडलेलं दिसतं. शेजारणीला सांगा आळीपाळीनं धरायला. आठच्या आत बसा, दहाला उठा.