मदत हवी आहे: 'यूएसडीए (अमेरिकेचं कृषी खातं) परवानाधारक' कुत्र्यांचा ब्रीडर (पैदास करणारा) म्हणजे नक्की काय समजायचं? (न्यू जर्सी / पेनसिल्व्हेनिया)

मोगरी

आम्ही न्यू जर्सीत राहतो. लेक नऊ वर्षांची, गेली तीन वर्षं कुत्र्यासाठी मागे लागली आहे आणि शेवटी आम्ही दोघं नरमलो. (आईचा फोनवरचा पहिला प्रश्न: "देवघरात शिरणार नाही ना तो?") शेल्टरला दोनदा जाऊन आलो. नवऱ्याला दमा आहे म्हणून केस कमी गळणारं, लहान चणीचं हवंय, ते काही मिळालं नाही. त्यामुळे "दत्तक घ्या" हा सल्ला कृपया नको, ते करून झालंय.

पेनसिल्व्हेनियात लँकेस्टर काउंटीतल्या एका ब्रीडरकडे नऊ आठवड्यांचं कॅव्हपू (कॅव्हॅलियर आणि पूडल यांचा संकर) आहे. २,४०० डॉलर सांगितलेत, २०० देऊन राखून ठेवलंय, शनिवारी आणायला जायचंय. त्यांच्या वेबसाइटवर 'यूएसडीए परवानाधारक, सरकारी तपासणी झालेले' असं ठळक लिहिलंय. म्हणून एफिसच्या (यूएसडीएचा प्राणी तपासणी करणारा विभाग) साइटवर परवाना क्रमांक टाकून तपासणीचे रिपोर्ट काढले. शेवटचे दोन कोरे: नियमभंग आढळला नाही, एवढंच एक वाक्य. त्याआधीच्या रिपोर्टात २.४०(बी)(२) असं कलम टाकून खाली लिहिलंय की एका कुत्रीच्या दातांवर जाड कीटण, हिरड्या लाल, आणि दुसरीच्या डोळ्यांतून घाण येत होती.

मी अडकले ती शेवटच्या पानावर. मोठी कुत्री ७४, पिल्लं ९१.

फोनवरच्या बाई गोड बोलल्या. "सगळी घरातल्यासारखी वाढतात." अहो, ७४? आमच्या वाड्यात सगळी बिऱ्हाडं मिळून एवढी माणसं नव्हती.

कोरा रिपोर्ट म्हणजे सगळं ठीक असं धरायचं का? शनिवारी तिथे जाऊन काय बघू, काय विचारू?

हडसनकाठ

मी दोन वर्षांपूर्वी याच चक्रातून गेलोय, म्हणून जरा लांबण लावतो.

यूएसडीएचा परवाना ही शिफारस नाही. १९६६ च्या अ‍ॅनिमल वेल्फेअर अ‍ॅक्टखाली धंदा करायला लागणारा तो कागद आहे. तीन वर्षांची फी १२० डॉलर. विणीच्या चारपेक्षा जास्त माद्या असतील आणि माल दुकानांना, ब्रोकरला किंवा न बघता ऑनलाइन विकत असतील तर तो घ्यावाच लागतो. गंमत म्हणजे प्रत्येक गिऱ्हाइकाला समोरासमोर, पिल्लू दाखवूनच विकणारा कितीही मोठा असला तरी या कायद्यातून सुटतो. म्हणजे परवाना आहे याचा पहिला अर्थ, ते दुकानांना, ब्रोकरला किंवा ऑनलाइनही विकतात. जाहिरातीत मिरवण्यासारखं त्यात काय आहे ते मला कळलेलं नाही.

आता निरीक्षक काय मोजतो ते बघा. पिंजऱ्याचं गणित असं: नाकाच्या टोकापासून शेपटीच्या मुळापर्यंत कुत्र्याची लांबी इंचात घ्या, त्यात ६ मिळवा, वर्ग करा, १४४ ने भागा. १८ इंची कुत्री असेल तर ४ चौरस फूट. म्हणजे २ बाय २, सत्यनारायणाच्या चौरंगापेक्षा फार मोठं नाही. उंची डोक्याच्या वर ६ इंच. खाली तारेची जाळी चालते, फक्त तार पुरेशी जाड हवी किंवा तिला प्लास्टिकसारखं आवरण हवं. एका कुत्रीने आयुष्यात किती वेळा व्यायचं यावर केंद्राच्या नियमांत मर्यादाच नाही. २०२० मध्ये नियम सुधारले तेव्हा कुठे वर्षातून एकदा डॉक्टरने प्रत्यक्ष हात लावून तपासणं आणि पिण्याचं पाणी कायम समोर असणं सक्तीचं झालं.

तुमचे दोन कोरे रिपोर्ट सांगतात ते इतकंच: निरीक्षक न सांगता आला त्या दिवशी या किमान गोष्टी जागेवर होत्या.

नुसता शेवटचा रिपोर्ट वाचू नका, मिळतील तेवढे सगळे काढा. २.१२६ कलम दिसतंय का बघा. निरीक्षक दारात उभा आणि दार उघडायला जबाबदार माणूसच नाही, की ते लागतं. एकदा असेल तर माणूस बाजारात गेला असेल. दोन-तीनदा असेल तर मी तिथून कुत्रं घेणार नाही. २.४० हे डॉक्टरी देखभालीचं कलम. दात एका दिवसात तसे होत नाहीत, आणि निरीक्षकाला दिसेपर्यंत ते मालकाला दिसले नव्हते.

ही माहिती २०१७ च्या फेब्रुवारीत साइटवरून काढून टाकली होती, बरं का. अमेरिकी काँग्रेसने (तिथल्या संसदेने) कान पिळल्यावर २०२० मध्ये परत आली. तेव्हा आहे तोवर डाउनलोड करून ठेवा.

गव्हाळ

एवढं घाबरवू नका हो त्यांना. आमचा मोती (हो, अमेरिकेतला पूडल आणि नाव मोती) त्याच भागातला आहे, मोठ्या केनेलमधला. सहा वर्षं झाली, ठणठणीत. ७४ आकडा वाईटच असं नाही. आठ कुत्री घाणीत ठेवणारे मी पाहिलेत. कामाला किती माणसं आहेत ते विचारा.

हडसनकाठ

गव्हाळ, माणसांचा मुद्दा मान्य. पण निरीक्षकाने लिहिलं आणि लगेच सुधारलं असं होत नाही, हेही सांगायला हवं. आयोवात २०२१ मध्ये एका परवानाधारक ब्रीडरवर थेट न्याय विभागाला दावा लावावा लागला, तेव्हा ५०० हून जास्त कुत्री सुटली. व्हर्जिनियात कंबरलंडला एन्व्हिगो कंपनी प्रयोगशाळांसाठी बीगल वाढवायची. तिथे निरीक्षकांनी २०२१ पासून गंभीर नोंदी केल्या होत्या, तरी सुमारे ४,००० बीगल बाहेर काढायला २०२२ उजाडलं. कंपनीला साडेतीन कोटी डॉलरहून जास्त भरावे लागले, पण ते २०२४ मध्ये. यूएसडीएच्याच अंतर्गत तपासनीसांनी २०१० च्या अहवालात लिहिलं होतं की वारंवार नियम मोडणाऱ्यांवरची कारवाई फार मऊ आहे.

मोगरी, तुमच्या बाबतीत एक जमेची बाजू आहे. पेनसिल्व्हेनियाचा स्वतःचा डॉग लॉ आहे आणि २००८ च्या दुरुस्तीनंतर तो केंद्रापेक्षा बराच कडक झालाय. दुकानांना किंवा ब्रोकरला विकणारे, नाहीतर वर्षाला ६० पेक्षा जास्त कुत्री देणारे, हे 'कमर्शियल केनेल'. तिथे मोठ्या कुत्र्यांना जाळीवर ठेवायला बंदी, पिंजऱ्यावर पिंजरा रचायला बंदी, आणि बाहेर मोकळं जायला जागा हवी. राज्याचे डॉग वॉर्डन (हा कायदा पाळला जातो का ते बघणारे निरीक्षक) वर्षातून दोनदा येतात. ते रिपोर्ट राज्याच्या कृषी खात्याच्या साइटवर वेगळे मिळतात. एकाच केनेलचे दोन्ही रिपोर्ट शेजारी ठेवून वाचा, मला त्यातच खरी गोष्ट कळली होती.

पशुवैद्य_सातारा

उगाच मध्ये पडतोय, पण तुलना मजेशीर आहे म्हणून. आपल्याकडे २३ मे २०१७ पासून कुत्र्यांच्या पैदाशीचे आणि विक्रीचे नियम आहेत. ब्रीडरने राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची. कुत्री दीड वर्षाच्या आत लावायची नाही, आठ वर्षांनंतर नाही, वर्षात एकच वेत, जन्मात पाच. दोन महिन्यांच्या आतलं पिल्लू विकायचं नाही. म्हणजे कागदावर आपण वॉशिंग्टनच्या पुढे! आणि मोडलं तर? मूळ कायदा १९६० चा, त्याखालचा नियम मोडल्याचा दंड १०० रुपयांपर्यंत. कैद तीन महिन्यांपर्यंत आहे, पण मी तरी कोणाला गेलेलं पाहिलं नाही. माझ्याकडे येणारे निम्मे लोक केनेल क्लबचे कागद दाखवून "डॉक्टर, सरकारमान्य आहे" म्हणतात. तो वंशावळीचा दाखला असतो, सरकारचा त्याच्याशी संबंध नाही.

मोगरीताई, तुमच्या कामाचं: पिल्लाकडे कमी आणि आईकडे जास्त बघा. तिची कास, दात, पंजे. जाळीवर राहिलेल्या कुत्रीची बोटं पसरतात आणि नखं वाढून वळतात. तिचं हे कितवं वेत ते विचारा, उत्तर यायला किती वेळ लागतो तेही बघा. कॅव्हपूमध्ये कॅव्हॅलियरचं रक्त आहे. त्या जातीत हृदयाच्या झडपेचा आजार फार, तेव्हा आईबापाच्या हृदयाची तपासणी झाल्याचा कागद मागा.

मोगरी

सगळ्यांचे आभार. राज्याचे रिपोर्ट मिळाले, त्यात काही वाईट नाही. आज फोन करून आईला बघायचंय म्हटलं. त्या म्हणाल्या, पार्व्होच्या (कुत्र्यांचा जीवघेणा संसर्ग) भीतीने बाहेरच्यांना केनेलमध्ये सोडत नाही, पिल्लू ऑफिसात आणून देऊ. हे खरं कारण आहे की टाळाटाळ?

पशुवैद्य_सातारा

पार्व्होची भीती खरी आहे, बुटांच्या तळव्यातून येतो तो. मी स्वतः लोकांना आत सोडू नका सांगतो. पण मग आईला बाहेर आणता येतं की. तिला पार्व्हो होईल असं वाटत असेल तर तिचं लसीकरण झालंय का, हा पुढचा प्रश्न.

हडसनकाठ

आणि घेतलंच तर पहिल्या आठवड्यात डॉक्टरकडे न्या. पेनसिल्व्हेनियात पिल्लू आजारी निघालं तर खरेदीपासून १० दिवसांत, जन्मजात दोष असेल तर ३० दिवसांत डॉक्टरचा दाखला लागतो. त्यानंतर पैसे परत मागणं अवघड.

मोगरी

शनिवारचा वृत्तांत. आईला बाहेर आणायला तयार झाल्या, पण अर्धा तास लागला. आणली ती कुत्री स्वच्छ होती, नुकती आंघोळ घातलेली, अंग ओलं. पिल्लाजवळ सोडली तर तिने वळून बघितलं नाही. पिल्लूही तिच्याकडे गेलं नाही. कास आटलेली, पोटाला चिकटलेली. कितवं वेत विचारलं तर "वहीत बघावं लागेल." वही आली नाही. हृदयाचा कागदही नाही.

न घेता परत आलो. २०० डॉलर गेले. लेक गाडीत टर्नपाइकभर (टोलचा महामार्ग) रडत होती आणि अजून माझ्याशी धड बोलत नाहीये.

ती कुत्री आई नव्हतीच असं मला वाटतंय, सिद्ध करता येणार नाही. डॉग वॉर्डनकडे एवढ्यावर तक्रार नोंदवता येते का, कोणी केली आहे का?

हडसनकाठ

येते. राज्याच्या डॉग लॉ ब्यूरोला कळवा. तारीख, वेळ आणि जे डोळ्यांनी पाहिलंत तेवढंच लिहा, 'वाटतंय' गाळा. ओल्या कुत्रीचा फोटो काढला असेल तर जोडा.

मोगरी

लेकीने काढलाय. तिच्याकडे मागावा लागेल.